पुरीच्या वाळूवरचं गाठोडं

येलदरीत किशनरावांना पाण्याबद्दल कुणी शिकवायला जात नसे. धरणाचं पाणी कधी ओसरेल, गाळपेराची जमीन कधी उघडी पडेल, हरभरा कधी टाकायचा, हे लोक त्यांना विचारून ठरवायचे. माणूस शहाणाच होता. पण आपल्या तळ्यातला शहाणा दुसऱ्याच्या पाण्यात गोते खातो, आणि तसे गोते खाल्ल्याचं कबूल करणं तर शहाण्याला आणखी जड जातं. किशनरावांनी ते अठ्ठावीस वर्षं कबूल केलं नव्हतं.

यंदा जगन्नाथपुरीचा विषय पुन्हा निघाला तो सुनेमुळे. सून राजेश्री ही गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या बायकांनी परभणीहून रेल्वेनं पुरीला जायचं ठरवलं आणि तिनं यादीत सासूचं, तानुबाईंचं, नाव सगळ्यांत वर लिहिलं. तानुबाईंनी तिच्या मोबाइलवर समुद्राचा व्हिडिओ तीनदा पाहिला, चौथ्यांदा मागून घेतला, आणि मग फोन परत देत म्हणाल्या की माझं नाव काढ, गुडघे दुखतात. राजेश्रीला ते खरं वाटलं. ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या किशनरावांना मात्र ठाऊक होतं की गुडघ्यांचा यात काही संबंध नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोघं पुरीला गेले होते, यात्रा कंपनीच्या बसनं, जिंतूरहून. काय दिवस होते ते! समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तानुबाई हळूच म्हणाल्या, "केवढं मोठं धरण हो, अन् भिंत कुठं हाय याची?" बसमधली माणसं हसली, पण किशनरावांना तो प्रश्न अगदी रास्त वाटला. देवळाच्या आवारात मडक्यातला गरम भात आणि डाळ सगळ्यांनी मांडीला मांडी लावून खाल्ली. कोणार्कचं दगडी चाक पाहून किशनरावांनी आपल्या बैलगाडीच्या चाकाशी त्याची तुलना केली आणि आऱ्या मोजल्या. लाटेत उभं राहताना तानुबाईंनी चारचौघांत त्यांचा हात धरला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी असं कधी घडलं नव्हतं.

तसा त्रासही काही कमी नव्हता. बसमधून पाय खाली टाकतो न टाकतो तोच पंड्यांनी गराडा घातला, आणि तुमच्या आजोबांचं नाव आमच्या वहीत आहे असं प्रत्येक जण शपथेवर सांगू लागला. धर्मशाळेत ढेकणांनी रात्र काढू दिली नाही. खारट हवेनं अंग चिकट झालं, मांड्या सोलवटल्या, दोघांच्या वहाणा देवळाबाहेरून गेल्या. गर्दी इतकी की देवाचे डोळे दिसले आणि बाकीचा देव राहूनच गेला. एवढं असूनही, आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं किशनरावांना विचारलं असतं, तर त्यांनी तेच सांगितले असते. फक्त तिसऱ्या दिवशीची सकाळ सोडून.

गावातलं कुणी यात्रेला निघालं की घराघरातून काहीतरी बरोबर देतात. कुणी सुपारी, कुणी मूठभर तांदूळ, कुणी हळकुंड. तीर्थात उभं राहून देणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि ते पाण्यात सोडायचं. नाव घेतल्याशिवाय सोडलं तर ते कुणाचंच होत नाही. तानुबाईंनी सगळ्यांचं एका धडप्यात बांधून घेतलं होतं. शेजारच्या धुरपताबाईंनी चांदीचा इवलासा वाळा दिला होता. त्यांची राणी चार वर्षांची होऊन तापानं गेली, तिचा. लेकीचं नाव समुद्रात मोठ्यानं घे, एवढंच धुरपताबाई आपल्या जिवलग मैत्रिणीला, तानुबाईंना, म्हणाल्या होत्या.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईंनी गाठोडं वर, वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीखाली ठेवलं आणि बायकांबरोबर प्रसादाचा खाजा आणायला गेल्या. किशनरावांना चोरांची धास्ती. त्यांनी गाठोडं उचललं आणि आंघोळ करताना नजरेसमोर राहावं म्हणून पाण्यापासून दहा-बारा पावलांवर कोरड्या वाळूत ठेवलं. वाळू कोरडी, म्हणजे पाणी इथवर येत नाही, हा धरणाकाठचा हिशेब. धरणाचं पाणी चढायला अख्खा पावसाळा लागतो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. किशनराव डोळे मिटून लाटा अंगावर घेत राहिले, आणि बाहेर आले तेव्हा ती जागा चकचकीत ओली होती.

तानुबाई परत आल्या आणि एकेका होडीखाली वाकून शोधू लागल्या. भोवती सगळी बस जमली. तेव्हा किशनरावांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, तू पाण्याजवळच ठिवलं व्हतंस की." तानुबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. होड्या सगळ्या सारख्याच, आणि नवरा पाण्यातलं जाणणारा. त्यांनी ते मान्य करून टाकलं.

गावी आल्यावर यात्रेचं मावंदं घातलं, गावाला जेवण दिलं. धुरपताबाईंनी पानावर बसून विचारलं, माझ्या राणीचं नाव घेतलंस का. तानुबाईंना खोटं बोलता येईना. धुरपताबाई भरल्या पानावरून उठून गेल्या. मधली भिंत एकच, पण त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. किशनरावांनी तेव्हाही तोंड शिवून घेतलं. पुढे तर आमच्या हिनं समुद्राला गाठोडं राखायला दिलं, असं सांगून ते पारावर लोकांना हसवू लागले. तानुबाई मात्र तेव्हापासून बाजारात पिशवी खाली ठेवत नसत, दागिन्याचा डबा दिवसातून चारदा उघडून बघत, आणि माझं ध्यान थाऱ्यावर नसतं असं स्वतःच सांगत.

आता गावातल्या बायका सुपाऱ्या, तांदूळ घेऊन राजेश्रीकडे येऊ लागल्या होत्या. एकीनं थट्टा केली, सासूच्या हाती देऊ नकोस बाई. तानुबाई हसल्या आणि आत निघून गेल्या. ते हसणं किशनरावांना बघवलं नाही. म्हातारपणी त्यांना लाज वाटली, आणि ती वाटायला फार उशीर झाला याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेजारी गेले. धुरपताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. किशनरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. धुरपताबाईंनी ऐकून घेतलं, मग पदरानं डोळे पुसले.

"भावजी, मला कामून सांगायलाव? तिला सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. किशनराव घरी आले. तानुबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचं बोलणं संपेपर्यंत त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"मला वाटायचं माझं डोकं फिरलंय," त्या म्हणाल्या. "होडीखाली ठिवलेलं मला दिसायचं, अन् मी म्हणायचे, न्हाई, हे म्हणतेत तेच खरं आसंल."

तानुबाई सूप बाजूला ठेवून उठल्या आणि शेजारी गेल्या. दुपारपर्यंत आल्या नाहीत. आल्या त्या थेट सुनेजवळ, आणि यादीत दोन नावं घाल म्हणाल्या, एक माझं, एक धुरपतेचं. नवऱ्याशी त्या गाडीत बसेपर्यंत बोलल्या नाहीत. किशनरावांनी तक्रार केली नाही, कारण ती करायला तोंडच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले असताना राजेश्रीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे तानुबाई होत्या.

"ऐका," एवढंच त्या म्हणाल्या.

आधी नुसता लाटांचा आवाज आला. मग धुरपताबाईंचा म्हातारा, फाटका आवाज, "राणी... माझी राणी." मग तानुबाईंनी तेच नाव घेतलं.

"आता तुमी घ्या," तानुबाई म्हणाल्या.

त्यांनी नाव घेतलं.

"मोठ्यानं घ्या. समिंदर लय आवाज करायलाय."

किशनराव ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी राणीचं नाव घेतलं.