पाच बदामांवर पास

ब्रिजच्या टेबलावर भिडूशी बोलायचं ते फक्त बोलीच्या कार्डांनी. खाकरायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत. कुनमिंगच्या बालभवनात मी मुलांना पहिल्याच दिवशी हे शिकवतो. सहाची बोली फार नंतर येते. ती म्हणजे तेरापैकी बारा हात करून दाखवण्याची पैज; आधी बोलून केले तरच मोठे गुण, आणि तिथं मुलांचे डोळे चमकतात.

त्या रविवारच्या सामन्यावरून बीजिंगच्या स्पर्धेला कोणता संघ जाणार ते ठरणार होतं. रुओलान आणि तिचा भिडू झिमो शेवटचा डाव खेळत होते. बदाम हुकूम ठरल्यावर झिमोनं 'चार बिनहुकूम' टाकलं, म्हणजे, तुझ्याकडे एक्के किती? रुओलाननं 'पाच चौकट' टाकून सांगितलं, एक. यापुढे विचारणाऱ्यानं ठरवायचं आणि उत्तर देणाऱ्यानं ऐकायचं, असा रिवाज. झिमो पानांकडे बघत बसला. बाहेर तळ्यावर कुरव पक्षी कलकलाट करत होते. हा आपला बसलेलाच. शेवटी त्यानं 'पाच बदाम' टाकलं.

रुओलाननं पास केलं.

हात बारा झाले. दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर समोरच्या संघाची जोडी सहा बदाम बोलली होती. आम्ही सामना हरलो.

"मठ्ठ आहेस का गं?" झिमो जिन्यातच उखडला. "मी एवढा विचार करत होतो, कळलं नाही तुला?"

"कळलं. म्हणूनच पास."

"म्हणजे?"

"आपल्या दोघांत मिळून दोन एक्के कमी असते तर तू झटकन पाचावर थांबला असतास. घुटमळलास, म्हणजे एकच कमी. हे मला तुझ्या बोलीनं नाही सांगितलं, घुटमळण्यानं सांगितलं. ते वापरायचं म्हणजे चोरीच."

संघ निवडणारे लू सर मागून आले. "चोरी? समोरच्यांनी तक्रार तरी केली का?"

"मी सहा बोललेच नाही, तर तक्रार कशाची करतील?"

झिमोला हसू फुटलं. सरांनी बघितल्यावर त्यानं ते गिळलं.

"हे बघ पोरी," सर आवाज मऊ करून म्हणाले, "मी समितीला सांगतो, हिचा पानांचा अंदाज चुकला. तू नुसती मान हलव. तुझी संघातली जागा राहील."

"अंदाज चुकला नव्हता, सर. बारा हात दिसत होते मला."

"मग जागा जाईल."

"जाऊ दे."

सर माझ्याकडे वळले. "गुरुजी, समजवा हिला."

"काय समजावू? नियम मीच शिकवलाय."

"मग बसा नियम कुरवाळत!" त्यांनी हात पुढे केला. "जाकीट."

रुओलाननं संघाचं लाल जाकीट काढलं. त्यांच्या हातात मात्र दिलं नाही. बाह्या सरळ करून कठड्यावर ठेवलं.

"झिमो, पुढच्या वर्षी मी समोरच्या संघात असेन," ती म्हणाली. "तू असाच घुटमळलास आणि तुझा भिडू सहा बोलला, तर पंचांना हाक मारीन."

आणि डिसेंबरच्या वाऱ्यात, नुसत्या स्वेटरवर, जराही घाई न करता ती जिना उतरली.