ओक्सोयच्या काठची तिसरी सिपाया

मी एक जुनी सिपाया आहे, मित्रांनो. तीन ओंडके शेंड्याशी एकत्र बांधून पाय फाकवून उभे केले आणि कमरेशी आडवी लाकडे टाकून त्यांवर दगड रचले, की सिपाया तयार होते. आमची जागा नदीत, काठाला लागून. मी मात्र फरगाना खोऱ्यातल्या एका विद्यापीठात, पाणी विभागाच्या दारापाशी, गुळगुळीत फरशीवर उभी आहे. माझ्यावर व्हार्निशचे दोन हात दिलेले आहेत. चार वर्षांत माझ्या पायांना नदीचे पाणी लागलेले नाही.

मला तुर्दाली ओतांनी घडवले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला मानाने ओता, म्हणजे बाबा, म्हणतात. ते पाटकरी होते. ओक्सोय नदीचे पाणी कोणाच्या पाटात किती वेळ सोडायचे, हे त्यांनी चाळीस वर्षे ठरवले. विद्यापीठातल्या तरुण शिक्षिका नफोसत त्यांच्या अंगणात आल्या, तेव्हा माझे ओंडके तिथेच भिंतीला टेकून होते.

"ओता, मला नवा विषय शिकवायचाय," त्या म्हणाल्या. "नदीचा काठ नदीच्याच सामानानं कसा राखायचा, तो. आमची मुलं नुसता काँक्रीटचा हिशोब शिकतात."

"म्हणजे माझा बाप करायचा ते आता तू विद्यापीठात शिकवणार?"

"हो."

"आणि मला पदवी देणार?"

"चहा देईन."

"मग जमलं. पदवी पिता येत नाही."

त्या वसंतात विद्यार्थ्यांनी ओतांच्या हाताखाली नऊ सिपाया बांधल्या. मी तिसरी. माझे दोन पाय सुकलेल्या पॉपलरचे, तिसरा ताज्या तोडलेल्या वाळुंजाचा. बोयमिर्झा नावाच्या धिप्पाड विद्यार्थ्याने विचारले, "ओता, हा एक ओला का?"

"ते दोघे पाणी अडवतील. हा मुळं टाकून काठ धरेल. तुझ्यासारखे नुसते उभे राहणारे दोन पुरे."

आमच्या मागे ओतांची जर्दाळूची चौदा झाडे होती. त्याआधी ओक्सोय दरवर्षी दीड मीटर काठ खात होती. विभागप्रमुख हमरोकुल दोमला, म्हणजे हमरोकुल गुरुजी, यांनी नफोसत बाईंना तीन वर्षे दिली होती. काठ टिकला, तर विषय अभ्यासक्रमात कायमचा. नाही टिकला, तर तो तास पुन्हा काँक्रीटकडे.

मित्रांनो, ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. माझ्या पायांत फांद्यांचे भारे अडकवलेले होते. पाणी त्यांत शिरले की मंदावायचे आणि मंदावले की गाळ खाली टाकायचे. दर बुधवारी नफोसत बाई रंगवलेली काठी घेऊन यायच्या. माझ्या मागचा गाळ पहिल्या वर्षी बावीस सेंटिमीटर भरला, दुसऱ्या वर्षी एक्केचाळीस, तिसऱ्या वर्षी अठ्ठावन्न. त्यावर लव्हाळे उगवले. माझ्या ओल्या पायाला कोंब फुटले आणि एका धोबी पक्ष्याने माझ्या दगडांत दोनदा घरटे केले. काठ एक बोटभरही सरकला नाही. दुसऱ्या विद्यापीठांतले लोक येऊन माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करते.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी बाई माझ्या दगडांवर बसून अभ्यासक्रम लिहीत होत्या. त्यांनी मोठ्याने वाचले, "वसंतात एक दिवस हशर. सर्वांनी मिळून काठाची देखभाल."

"पुढे लिही," ओता म्हणाले, "गाळाला आणि वाळुंजाला हात लावायचा नाही."

"ते काय लिहायचं, ओता? तीन वर्षं गाळ मोजतायत मुलं."

"डोक्यानं मोजतायत. हात त्यांचे घरचेच आहेत."

बाई हसल्या आणि त्यांनी वही मिटली.

ओता काय म्हणत होते, ते मला नंतर कळले. या खोऱ्यातले मूल फावडे उचलता येऊ लागले की ते हातात घेते. नवरोजच्या आधी सगळी वस्ती हशरला जमते आणि पाटांतला गाळ उपसते. पाटात गाळ राहिला, तर शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. गाळ दिसला की काढायचा, हे त्या हातांना शिकवावे लागत नाही. काठाच्या गाळाची गोष्ट उलटी आहे. तो काढायचा नसतो.

विषय कायम करायचा का, हे ठरवायला मार्चमध्ये राजधानीतून समिती येणार असे ठरले. नफोसत बाई आकडे घेऊन तिला आणायला गेल्या. ओता नातीच्या लग्नाला परगावी होते. त्या दिवशी हमरोकुल दोमला काठावर आले.

"हे काय जंगल माजवलंय? उद्या पाहुणे येतायत."

"दोमला, नफोसत ओपांना फोन करू का?" बोयमिर्झाने विचारले. मुले बाईंना ओपा, म्हणजे ताई, म्हणत.

"अभ्यासक्रमात हशर कोणी लिहिलंय? त्यांनीच ना? वाच."

बोयमिर्झाने कागद वाचला. दोनदा वाचला.

"अमुक करू नका, असं कुठे लिहिलंय का?"

"नाही, दोमला."

"मग घ्या फावडी."

चौसष्ट विद्यार्थी होते. त्यांनी मन लावून काम केले. गाणी म्हटली, एकमेकांच्या अंगावर चिखल उडवला. काठावर मोठ्या कढईत पुलाव शिजत होता. दुपारपर्यंत तीन वर्षांचा गाळ टोपल्यांतून गेला. लव्हाळे गेले, फांद्यांचे भारे गेले, माझे कोंब विळ्याने सोलून निघाले. माझ्या कमरेचे दगड विद्यापीठाच्या फुलझाडांभोवती मांडायला नेले. शेवटी रस्त्याकडेच्या झाडांना लावतात तसा आम्हा नऊ जणींना गुडघ्यापर्यंत चुना लावला. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. म्हणून तर कोणावर रागावता येत नाही, आणि तो राग जातही नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली.

"किती नीटनेटकं," समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या. "असा विषय सगळीकडे हवा." त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. नफोसत बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. माझ्या पांढऱ्या पायाकडे बघत होत्या.

ओता परतले ते थेट काठावर आले. त्यांनी नफोसत बाईंना विचारले, "तू काही बोलली नाहीस?"

"बोलले असते तर विषय गेला असता, ओता."

"आणि आता काय गेलं?"

त्यानंतर दोघांनी, बोयमिर्झाला घेऊन, दगड परत वाहून आणले. पण गाळ वाहून आणता येत नाही. तो एकेका वर्षाने येतो. मे महिन्यात वरचे बर्फ वितळले. नुसत्या काठ्यांसारख्या उभ्या असलेल्या आम्हांला पाण्याने विचारलेही नाही. आठ जणी गेल्या. चौदांतली नऊ जर्दाळूची झाडे गेली, सगळी फळांनी भरलेली. मी पुलाला अडकले, म्हणून आज इथे आहे.

तो विषय आता सक्तीचा आहे. तिसऱ्या मजल्यावर, पडद्यावर चित्रे दाखवून शिकवतात. पहिले चित्र आमचे, चुना लावलेले. अहवालात लिहिले आहे की त्या वर्षी पूर विलक्षण होता. पहिल्या तासाला नफोसत बाई माझ्याभोवती मुलांना उभे करतात आणि एकच ओळ लिहायला सांगतात: गाळाला आणि वाळुंजाला हात लावायचा नाही.

"ओपा, हे परीक्षेला आहे का?" कोणीतरी विचारतेच.

"नाही. मी दोनदा मागितलं. परीक्षेला घेतलं नाही."

मग पेनांची टोपणे लागतात.

गेल्या महिन्यात तुर्दाली ओता आले. पाठ फार वाकली आहे. त्यांनी पहारेकऱ्याच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्या वाळुंजाच्या पायाशी रिता केला.

"ओता, फरशी खराब होईल. मेलेलं लाकूड आहे ते," पहारेकरी म्हणाला.

"माहीत आहे. मीच तोडलं होतं. जिवंत राहावं म्हणून."

पहारेकऱ्याने फडके आणले आणि पाणी मुळाशी पोचायच्या आत पुसून घेतले. मुळे कुठे होती म्हणा.

मित्रांनो, तुम्ही शिकून मोठे व्हाल, कोणत्यातरी काठाची देखभाल तुमच्याकडे येईल. फावडे उचलण्याआधी तिथल्या म्हाताऱ्याला लग्नाहून परत येऊ द्या. आणि तो सांगेल ती ओळ, कितीही साधी वाटली तरी, कागदावर लिहा.