तिसऱ्या बाटलीतलं वरण

कादंबरी दातारने बावीस वर्षं मुलांना प्रथिनांची चाचणी शिकवली होती, पण स्वतःच्या हाताने अंडं कधी फोडलं नव्हतं.

तशी वेळच आली नव्हती. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस विमलदा होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते येताना कागदात गुंडाळलेली दोन अंडी आणायचे, टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचे, बलक या कवचातून त्या कवचात झुलवत पांढरं तेवढं खाली सोडायचे आणि पाण्यात ढवळून बाटलीत भरायचे. कादंबरी तेव्हा पाठ फिरवून हजेरी लिहीत असे. दातारांच्या तीन पिढ्या कोलकात्यात गेल्या, रोज मासळीबाजारातून गेल्या-आल्या, पण अंड्याने काही त्यांचा उंबरा ओलांडला नाही.

यंदा अकरावीच्या परीक्षेच्या दिवशी विमलदा मुलीच्या लग्नासाठी गावी होते. कादंबरीला ते आठवलं सकाळी सात वाजता, कुकरची तिसरी शिट्टी होताना.

अंडं वाटेत कुठेही मिळालं असतं. पण ते फोडायचं कसं, बलक अडवायचा कसा, फसलं तर काय? तिने कुकर उघडला. तूरडाळ मऊ शिजली होती. खाली लोण्यासारखा गाळ, वर पिवळसर निवळ पाणी. डाळीत प्रथिनं असतात, हे तर शाळेत न गेलेली बाईसुद्धा सांगेल.

"आई, यात हळद घातली का?"

"अजून नाही. का गं?" सुलभाबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"नका घालू. वरचं पाणी मला शाळेत न्यायचंय."

"शाळेत वरण? आजारी आहे का कोणी?"

"परीक्षा आहे."

"मग तूप-मीठही ने की," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा जुडीकडे वळल्या.

हळद चाचणीच्या रसायनात लाल होते, तेवढं कादंबरीच्या लक्षात होतं. मीठ नको, हिंग नको. धुतलेल्या पंच्याच्या तुकड्यातून तिने पाणी दोनदा गाळलं, पातळ केलं, निववलं. शाळेत पोचल्यावर थोडं नळीत घेऊन त्यात बाययुरेटचे थेंब सोडले. रंग हळूहळू चढला, जांभळं धुतलेल्या पाण्यासारखा. तिचा जीव भांड्यात पडला. दुसरी कुठलीच चाचणी तिने केली नाही. बाटलीवर 'सी' लिहून तिने ती इतर तीन बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

परीक्षा दरवर्षीचीच होती. चार बाटल्या, चार पदार्थ, ओळखून लिहायचे. आयोडीनचा थेंब पिष्टाच्या, म्हणजे पिठाच्या पाण्यात पडला की आभाळ भरून यावं तसा काळानिळा होतो. बेनेडिक्टचं निळं द्रावण उकळत्या पाण्यात धरलं की ग्लुकोज त्याला हिरवं करतं, पिवळं करतं, शेवटी विटेसारखं लाल करून सोडतं. बाययुरेटने प्रथिन जांभळं होतं. तेल बिचारं रंग बदलत नाही, कागदावर डाग ठेवून जातं. एका बाटलीत एकच पदार्थ, ही शाळेची जुनी रीत. ती मुलांनाही ठाऊक होती. म्हणून प्रत्येक बाटलीत एक थेंब इकडचा, एक तिकडचा टाकायचा, रंग दिसला की थांबायचं, आधीच्या बाटलीत सापडलेल्या पदार्थाची चाचणी पुढे करायचीच नाही आणि उरलेल्या रकान्यांत 'बदल नाही' असं ओळीने लिहून टाकायचं.

रुचा देशकरला ही हातोटी जमलेली नव्हती. तिचे वडील बँकेत, बदली होऊन नोव्हेंबरात नागपूरहून आले होते. तिची पहिल्या सहामाहीची वही इथे कोणी धरली नाही, त्यामुळे तिचे गुण मुळातच कमी होते. शाळेचा नियम असा की प्रात्यक्षिकात तीसपैकी अठरा नसतील तर बारावीला विज्ञान नाही. दर शनिवारी ती कादंबरीच्या घरी शिकायला यायची. शाळेत मॅडम, घरी काकू. कादंबरी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "तुला अंदाज बांधायचा अधिकार नाही अजून. प्रत्येक बाटलीची प्रत्येक चाचणी कर. माहीत असलं तरी कर."

त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास रुचाने हात वर केला. "मॅडम, सीमध्ये दोन रंग येतायत."

वीस मुलं, एक टेबल, उकळत्या पाण्याची वाफ. पोरीने ड्रॉपर धुतला नसेल, कादंबरीला वाटलं. "जे दिसतं ते लिही," ती म्हणाली आणि पुढे गेली.

दुपारी बाहेरून आलेले परीक्षक निरुपम सरकार चहा पीत पेपर तपासत बसले. दुसऱ्या शाळेतले शिक्षक, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे.

"ही एक मुलगी बिघडवून बसली," ते म्हणाले. "सीमध्ये प्रथिन लिहिलंय, आणि पिष्टही. तुमच्या यादीत नुसतं प्रथिन आहे. तीनपैकी शून्य. एकूण सोळा."

कादंबरीने पेपर पाहिला. रुचाचं गोल अक्षर, 'आयोडीन : काळानिळा' आणि खाली दोनदा ओढलेली रेघ.

सी बाटलीच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. कादंबरी टेबलाशी गेली, पाठ परीक्षकांकडे ठेवून तिने नळीत थोडं ओतलं आणि आयोडीनचा थेंब सोडला. थेंब तळाशी जाईपर्यंतही थांबला नाही. वाटेतच काळानिळा झाला.

डाळीत पिष्ट असतं. हे ती दरवर्षी सातवीलाही शिकवत होती.

नळ शेजारीच होता. बाटली विसळायला किती वेळ लागतो? उद्या कोणी विचारलंच तर ड्रॉपर अस्वच्छ होता म्हणता आलं असतं. तसं तिला सकाळी खरंच वाटलंही होतं. शिवाय मुलगी मराठी, घरी येणारी. तिच्या बाजूने तोंड उघडलं की स्टाफरूममध्ये काय बोलतील, तेही तिला ऐकू येत होतं. नळातून थेंब थेंब पाणी गळत होतं, ते तिने काही वेळ पाहिलं.

मग नळी घेऊन ती परीक्षकांसमोर आली.

"सर, यात अंडं नाही. माझ्या घरचं डाळीचं पाणी आहे. यादी चुकली आहे, मुलगी नाही."

निरुपमबाबूंनी नळी खिडकीकडे धरली. "डाळ?"

"तूर."

त्यांनी चहाचा घोट घेतला. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "बोलवा तिला."

रुचा आली ती रडायच्या तयारीने. त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, "सी बाटलीत काय असेल असं वाटलं तुला?"

"वासावरून वरण वाटलं, सर."

"मग लिहिलं का नाहीस?"

"वरणासाठी रकाना नव्हता."

निरुपमबाबूंनी शून्य खोडून तीन केले. एकूण एकोणीस. रुचाला जायला सांगितलं. मग त्यांनी उरलेले एकोणीस पेपर पुन्हा ओढून घेतले आणि एकेक उलटत गेले. कादंबरीला आधी कळलं नाही ते काय शोधतायत. मग कळलं. सीसमोर, आयोडीनच्या रकान्यात, एकोणीस वेगवेगळ्या अक्षरांत एकच ओळ होती : 'बदल नाही.'

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"सर, बाटली माझी होती," कादंबरी म्हणाली. "मुलांना का?"

"बाटली तुमची, मॅडम. ही ओळ त्यांची. न टाकलेल्या थेंबाचा रंग लिहिलाय त्यांनी." त्यांनी प्रत्येकाचा एक गुण कापला. कोणी अठराच्या खाली गेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "प्राचार्यांना मला लिहावं लागेल."

"मी लिहिते," कादंबरी म्हणाली, आणि तिथेच बसून लिहिलं. पाच ओळी. पुढल्या वर्षी प्रयोगशाळा तिच्याकडे राहणार नाही, हे तिला तिसऱ्या ओळीलाच समजलं होतं.

गुण चार वाजता फळ्यावर लागले. शाळा सुटल्यावर ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी मुलांचा घोळका होता आणि रुचा त्याच्या बाहेर, भिंतीला टेकून.

"सगळ्यांचा एक-एक गुण गेला," सुश्रुत तिला म्हणत होता. तो वर्गातला पहिला. "तुला कोणी सांगितलं होतं सगळ्या बाटल्यांत आयोडीन घालत बसायला?"

 रुचाने कादंबरीला पाहिलं होतं, आणि लगेच नजर खाली घेतली होती. मॅडमचं नाव सांगायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"मी सांगितलं होतं," कादंबरी म्हणाली. "तुम्हालाही सांगायला हवं होतं. ते राहिलं."

 बस आली. मुलं चढली, रुचा सर्वांत शेवटी. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, कादंबरी तिथे जाऊन बसली.