भिंगरीचं पाऊल

त्याने आईसाठी खुर्ची ओढली, खोलीतले दिवे मंद केले आणि कळफलकावर बोट ठेवून तसाच थांबला.

"लाव की," आई म्हणाली. "मी काही घाबरत नाही."

घाबरत तोच होता. या खोलीत इतकी वर्षं काम करून मेलेल्या माणसाची चाल त्याने कधी उघडली नव्हती.

काम तसं सरळ होतं. माणसाच्या अंगावर चकाकणारे छोटे गोळे चिकटवायचे आणि त्याला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं. भिंतीवरचे कॅमेरे गोळे टिपत, संगणक त्या ठिपक्यांवर हाडं, सांधे आणि स्नायू चढवी, आणि लंगडणाऱ्याचं नेमकं कुठे बिनसलंय ते डॉक्टरांना दिसे. तुलनेसाठी धडधाकट माणसांच्या चालीही लागत. पण धडधाकट माणूस स्वतःहून अशा ठिकाणी कशाला फिरकतोय? मग जो तो आपापल्या घरचं कुणीतरी पकडून आणी. त्याने धाकट्या भावाला आणलं होतं.

धाकट्याच्या पायाला भिंगरी होती, म्हणून घरात त्याचं नावच भिंगरी पडलं. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला. मागे फोटो ढीगभर राहिले, पण सगळे बसलेले, गळ्यात गळे घातलेले, जीभ काढलेले. चालताना तो कुठेच नव्हता, कारण बाहेर पडलं की कॅमेरा त्याच्याच हातात असायचा. आई जेवायची, झोपायची, शेजारपाजाऱ्यांशी बोलायची. फक्त दाराबाहेर पावलं वाजली की हातातलं काम तसंच धरून बसायची. लॅबमधल्या जुन्या चाली आता पुसल्या जाणार आहेत, हे तो जेवताना सहज बोलून गेला, तेव्हा ती म्हणाली होती, "त्याआधी मला तो एकदा चालताना दाखव."

त्याने कळ दाबली. काळ्या पडद्यावर एक सांगाडा उभा राहिला, हाडांवर तांबडे स्नायू ओढलेला, आणि चालू लागला.

"हा आहे?"

"हो."

"तोंड नाही का रे याला?"

"चालीला तोंड लागत नाही, आई."

सांगाडा टोकाला पोचला, नाहीसा झाला, पुन्हा पहिल्यापासून निघाला. पुन्हा. आई हळूहळू पुढे झुकली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू आलं.

"तो डावा पाय बघ. बाहेर फेकतोय बघ कसा. सरळ चाल, सरळ चाल म्हणून घसा कोरडा केला मी. डावी चप्पल कायम एका अंगाने झिजलेली."

त्याचं लक्ष डाव्या पायाकडे गेलं आणि भावाची चाल टिपली तो दिवस त्याला आठवला.

त्या दिवशी धाकटा धावतपळत, घामाघूम होऊन आला होता. डाव्या गुडघ्याखालचे गोळे काही केल्या टिकेनात. "दादा, तुझा गोंद दुकानदाराला परत कर," म्हणत तो खिदळत होता. शेवटी दादाने नाद सोडला. हालचालीचा एखादा तुकडा हाती लागला नाही, तर तेवढ्याच उंचीच्या, तशाच बांध्याच्या माणसाचा घेऊन जोडायचा, ही लॅबची रोजची रीत होती. त्यासाठी कुणी काम अडवून धरत नसे. धाकट्याच्या उंचीचा, त्याच्या बांध्याचा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. नोकरीला लागल्या लागल्या त्याने स्वतःची चाल भरून ठेवली होती. तिच्यातला डावा पाय त्याने उचलला, बेमालूम जोडला आणि तो जेवायला गेला.

आई चष्मा पुसत होती. तेवढ्यात त्याने जोडलेला भाग वेगळा दाखवणारी कळ दाबली. उसनी हाडं करड्या रंगाची झाली: डाव्या गुडघ्यापासून थेट बोटांपर्यंत. त्याने घाईने पुन्हा तांबडा रंग आणला.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"आई, तो पाय..."

"काय?"

"काही नाही."

शेकडो लोकांचे गुडघे किती वाकतात ते त्याला तोंडपाठ होतं. भावाचं डावं पाऊल कसं पडायचं, ते मात्र आठवेना. लहानपणी धाकट्याने त्याचेच जुने बूट वापरले होते, डावा बूट आधीच एका अंगाने झिजलेला. पायाने ते वळण उचललं असेल. नसेलही. आणि विचारायचं कुणाला? त्याला भावाची फार आठवण आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

आई मनसोक्त बघून उठली. दोघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात आले. तो डावं पाऊल जपून, सरळ टाकू लागला. आजचा एवढा दिवस तरी तिला आपला बाहेर पडणारा पाय दिसू नये, असं त्याला वाटत होतं.

"पाय दुखतोय का तुझा?"

"नाही."

"मग असा काय चालतोस, उसनं अवसान आणल्यासारखा? नेहमीसारखा चाल ना."

त्याने पाय सैल सोडला. पाऊल बाहेर पडलं. पुन्हा पडलं. मागून येणारा आईच्या चपलांचा आवाज थांबला.

तो वळला. ती भिंतीला हात लावून उभी होती आणि त्याच्या पायांकडे बघत होती. आता ही विचारणार, आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पण आई बाजूच्या बाकावर सावकाश बसली आणि पदर सारखा केला.

"त्या दारापर्यंत जा," ती म्हणाली.

तो गेला. तिची नजर त्याला पाठीवर, पोटऱ्यांवर, टाचांवर जाणवत होती. दारापाशी पोचल्यावर मागे वळायचा त्याला धीर होईना.

"ये," आई म्हणाली. "असाच ये."