साडेचार इंची की सहा इंची

जपानच्या किनाऱ्यावरच्या तोत्तोरी गावातल्या शाळेत कुरामोतो सरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. दुर्बीण घ्यायची ती निवृत्तीनंतर, निवांत, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. नजरेच्या मधोमध करडा डाग पडला होता आणि तो पसरत चालला होता. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल. त्याच शनिवारी ते बायकोला, फुमिएला, घेऊन हामासाकीच्या दुर्बिणींच्या दुकानात गेले.

हामासाकीनं आरशाच्या दोन दुर्बिणी खिडकीशी मांडल्या. एक साडेचार इंची, तिपाईवरची. दुसरी सहा इंची, लाकडी बैठकीवरची, जाडजूड.

"नवशिक्याला दोन्ही चालतात, सर. पण आरसा मोठा तितका उजेड जास्त. शनीची कडी मोठीतून छान सुटी दिसतात."

सरांनी बंदरातल्या क्रेनकडे रोखलेल्या लहान दुर्बिणीला डोळा लावला. मग मोठीला. मग पुन्हा लहानीला.

"दिसते का?" फुमिएनं विचारलं.

"कडेकडेनं दिसते. सरळ बघायला गेलं की नाहीशी होते."

"आणि मोठीतून?"

"मोठीतून मोठी होऊन नाहीशी होते."

हामासाकी हसला. मग फुमिएचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "अंधुक तारा बघताना सगळेच नजर जरा बाजूला ठेवतात, सर," तो हळूच म्हणाला.

"अंधुक ताऱ्याचं ठीक आहे हो. मला शनी बघायचाय, त्याची कडी सरळच बघावी लागतात."

सरांनी लहान दुर्बीण उचलून पाहिली. "ही तुला एकटीला अंगणात नेता येईल."

"मला कशाला?"

"पुढं तू बघशील, मला सांगशील."

"मी नाही बघणार. तुमच्या शेजारी उभं राहून वर्णन करत बसायचं, ते मला जमायचं नाही. तुम्हाला हवी ती घ्या. मोठी घ्या."

सरांनी लहानच घेतली.

त्या किनाऱ्यावर हिवाळाभर आभाळ उघडत नाही. ते उघडेपर्यंत एप्रिल आला आणि डाग भलताच वाढला. तीन दिवस सर तिन्हीसांजेला नळी फिरवत बसले. शनी काही सापडला नाही.

"मोठी घेतली असती तर?" फुमिएनं विचारलं.

"तरी हेच."

तिनं नळीला झाकण लावलं. आत एकदाही डोकावली नाही. त्यांनीही तिला पुन्हा कधी 'तू बघ' म्हटलं नाही.