अख्खी नदी

मुलीला, आम्रपालीला नोकरी लागली, म्हणून रविवारी संजयने घरच्यांना बंडगार्डनला नदीकाठी नेलं. विश्रांतवाडीहून तसं जवळच. पण इतकी वर्षं तिथे राहूनही त्याची आई सुंदराबाई नदीकडे कधी फिरकली नव्हती. संजय लहान असतानाच त्याचे वडील सुखदेव भीमेत बुडून गेले होते. त्यापलीकडे आईने काही सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

डबे खाऊन झाल्यावर आम्रपालीने बोटीत बसायचा हट्ट धरला.

"तू आणि मम्मी जा. मी आजीजवळ थांबतो," संजय म्हणाला.

तोच सुंदराबाई उठली. "मीपण येते."

बोटीत ती फळीवर बसलीच नाही. चप्पल काढून तळाशी मांडी घातली. बोट काठापासून सुटली तसे तिने डोळे मिटले.

"आजी, भीती वाटते का गं?"

"न्हाई. घरी आल्यासारखं वाटतंय."

संजयने वळून पाहिलं. मग ती आपणहून बोलू लागली. लग्न झालं त्या साली दुष्काळ पडला. गाव सोडून दोघं दौंडजवळ भीमेवर वाळूच्या होडीवर कामाला लागली. राहायला जागा नव्हती, म्हणून होडीतच संसार मांडला. वर चटईचं छप्पर, मागच्या टोकाला चूल. सुखदेव बुडी मारून बादलीत वाळू भरायचा, ती दोर ओढायची. संजयचा जन्मही त्या छपराखालीच झाला.

"फार हाल काढलेत आई तुम्ही," संजयची बायको शर्मिला म्हणाली.

"हाल गावात व्हते. विहिरीवर चढू द्यायचे न्हाईत आम्हाला. कुणी येऊन वरून घागरीत ओतेपर्यंत उन्हात उभं राहायचं. होडीवर पहिल्या दिवशी ह्याच्या बापानं हंडा बुडवला अन् माझ्या डोक्यावर उपडा केला. म्हणाला, सुंदरे, घे, अख्खी नदी तुझी."

संजय तिच्याजवळ सरकला. "आणि मग?"

"एक दिवस दोर ओढला. वाळू वर आली, तो आला न्हाई. खाली पुलापाशी घावला. मालकानं होडी रिकामी करायला सांगितली. तुला कडेवर घेऊन रस्त्याला लागले." ती पुढे म्हणाली, "नदीवर राग न्हाई माझा. पण पाणी दिसलं की त्याचा आवाज यायचा कानात. मग हातून काम झालं नसतं. तुला वाढवायचं व्हतं."

काठाला उतरल्यावर संजयने आईचा हात सोडला नाही. गाडीत बसला तो त्याने घरचा रस्ता सोडून सोलापूर रोड धरला.

दौंडपाशी भीमेवर पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. काठ खणून काढलेले, जागोजाग खड्डे. होडी एकही नव्हती.

"इथंच का गं, आई?"

"ओळखू येत न्हाई." ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप फार हसरा व्हता. हे सांगायचंच राहिलं तुला."

संजय तिथल्याच एका दगडावर बसला.

"सांग," तो म्हणाला.