चंद्र वेळेवर होता

मित्रांनो, नायगावच्या खाडीबांधावर एक जुनी सागवानी फळी आडवी पडलेली आहे. बकऱ्या तिच्यावर चढून बसतात. ती मी. एके काळी मी या बांधाचे दार होते.

सुताराने मला तेल पाजून बांधाच्या उघाडीत, म्हणजे पाणी जायच्या तोंडात, बसवले. भरतीला खाली उतरून खारे पाणी अडवायचे, ओहोटीला वर होऊन भातखाचरातले जास्तीचे पाणी खाडीत सोडायचे, एवढेच माझे काम. माझी दोरी रंभाकाकूंच्या हातात असे. काकूंना भरती-ओहोटी तिथीवरून कळे. एकादशीला ऊन डोक्यावर आले की मला उचलायचे, दोरी खुंटीला बांधायची आणि देवळात जायचे. तीस वर्षांत त्यांची वेळ चुकली नाही. होडीवालेसुद्धा त्यांना विचारून निघत.

मग खाडीवर नव्या रस्त्याचा भराव पडला. एवढ्या रुंद खाडीला रस्त्याखालून ये-जा करायला दोनच मोऱ्या उरल्या. मुले शाळेत लवकर पोहोचू लागली, म्हणून मलाही बरे वाटले.

आश्विनातली एकादशी आली. दाणा दुधावर होता, खाचरातले पाणी उतरवायचे होते. उपवासाच्या काकूंनी मला उचलले, बांधले आणि खाडीकडे न पाहताच त्या गेल्या. पाहायची कधी गरजच पडली नव्हती. पण मोऱ्यांमागे तुंबलेली भरती अजून उतरली नव्हती. माझ्याखालून खारे पाणी उलटे आत शिरले. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो.

आठ दिवसांत लोंब्या पांढऱ्या पडल्या. म्हातारीला तिथी समजेनाशी झाली, उपासांनी डोके हलके झाले, असे लोक बोलू लागले. काकू माझ्यावर हात ठेवून बसल्या. शेजारच्या खाचराचे बेसिल जवळ आले.

“बेसिलभाव, खरं सांग. माजी तिथी चुकली?”

“नाय गं बाय. चंद्र वेळेवर होता. पानी रस्त्याला अडलं.” मग ते हळूच म्हणाले, “चर्चमदी फादरला मिसाला उशीर झाला तर आमी थांबतो ना? तुझ्या ओहोटीलापन थांबू.”

काकूंनी चिखलात बांबू रोवला आणि पंधरवडाभर पाण्याच्या खुणा केल्या. ओहोटी दोन तास उशिरा येत होती. मग दोघांनी रस्त्याच्या साहेबांना बांधावर आणले. नकाशात मोऱ्या बरोबर आहेत, असे साहेब सांगू लागले.

काकू शांतपणे म्हणाल्या, “साहेब, कागद सुका असतो. जरा खाली उतरा.”

साहेब बूट काढून उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होते, आणि तिथीप्रमाणे तिथे चिखल उघडा पडायला हवा होता. त्यांनी लिहून नेले. आणखी मोऱ्या झाल्या, पण चार वर्षांनी. तोवर खालचे खाचर खारावून तिथे खारफुटी उगवली होती. वरचे तेवढे वाचले. पुढे लोखंडी दार आले आणि मला बाजूला ठेवले. काकू आता आधी पाणी पाहतात, मग हात जोडतात.

रस्ते हवेतच, मित्रांनो. पण तुमच्यापैकी कोणी उद्या खाडीवर रस्ता आखायला बसलात, तर एक अमावास्या आणि एक पौर्णिमा तिच्या काठावर काढा. चिखलात उतरायला लाजू नका. त्या एकादशीच्या दुपारी मी उघडी होते, खारे पाणी माझ्याखालूनच आत गेले. खालच्या खाचराकडे तोंड करून मी अजून पडून आहे.